इन्सुलिन देऊन झालं, आता घास घेत नाही

पत्र

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, वजन १६ किलो. गेल्या वर्षी तिला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. दिवसातून एकदा दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारं इन्सुलिन आम्ही पेनने देतो. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर आहे. इन्सुलिन टोचलं की ती दोन-चार घास खाते आणि तोंड मिटून बसते. साखर खाली जाईल या भीतीने आम्ही तिच्या मागे लागतो. मोबाइल लावतो, गोष्टी सांगतो, विनवतो, रागावतो आणि शेवटी चॉकलेट नाहीतर रस देतो. एकेक जेवण सव्वा तास चालतं. माझी आई म्हणते, आजारी लेकराला कसली शिस्त लावता. बायकोचं आणि माझं रोज यावरून वाजतं. डॉक्टरांच्या मते वजन आणि उंची ठीक आहे. आम्ही काय करावं?

उत्तर

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य आम्ही आधी हातात घेतो: वजन आणि उंची ठीक आहे. याचा अर्थ, दिवसाचा आणि आठवड्याचा हिशोब केला तर तिच्या पोटात पुरेसं जातंय. या वयातलं मूल वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षाच्या मानाने ही वाढ फार संथ असते, त्यामुळे भूकही कमी आणि लहरी होते. सकाळी ताट चाटूनपुसून खाणारं मूल दुपारी चार घासांवर उठतं, आणि त्याचा आजाराशी काही संबंध नसतो. इतर घरांत अशा चार घासांची कुणी दखलही घेत नाही. तुमच्या घरात मात्र त्याआधी इन्सुलिन टोचलेलं असतं, म्हणून ताटात उरलेला प्रत्येक घास धोक्याचा वाटतो.

तुमची भीती खरी आहे, ती मनातून काढून टाका असं आम्ही सांगणार नाही. साखर सांभाळण्याचं काम मात्र ताटासमोर करू नका. ‘ती जेवली नाही तर काय करायचं’ हे जेवायला बसण्याआधीच आकड्यांसकट ठरलेलं आणि लिहिलेलं असलं पाहिजे. तसं असलं की ताटासमोर विनवण्या करायची गरज उरत नाही. विनवण्या थांबल्या की तोंड मिटणंही बहुतेक मुलांमध्ये हळूहळू कमी होतं.

ते का होतं, हे तिच्या जागी बसून पाहा. तोंड मिटलं की दोन-तीन मोठी माणसं भोवती गोळा होतात, मोबाइल सुरू होतो, गोष्ट मिळते आणि तासाभराने चॉकलेट हातात पडतं. ज्या दिवशी ती नीट जेवते त्या दिवशी मात्र सगळे सुटल्यासारखे आपापल्या कामाला लागतात. ती हे ठरवून करत नाही. कशानंतर काय घडतं एवढंच ती शिकली आहे, आणि बरोबर शिकली आहे. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार) आणि टाइप १ मधुमेह असलेल्या लहान मुलांच्या घरच्या जेवणांचं चित्रण करून अभ्यास झालेले आहेत. त्यांत दिसतं ते असं, की ही मुलं इतर मुलांसारखीच वागतात: तोंड फिरवतात, बोलत बसतात, उठून जातात, घास गालात धरून ठेवतात. फरक असतो तो मोठ्यांच्या आग्रहात. आजारामुळे आग्रह वाढतो, आणि आग्रह वाढला की टाळाटाळही वाढते.

आता आधी साखरेची बाजू पक्की करू. यापुढचे सगळे आकडे तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि तिच्यासाठी निश्चित करून घ्या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय डोस किंवा त्याची वेळ बदलू नका.

झटपट काम करणारं इन्सुलिन टोचल्यावर साधारण १० ते २० मिनिटांनी कामाला लागतं, एक ते दोन तासांच्या आसपास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि तीन ते पाच तास ते शरीरात राहतं. म्हणजे जेवणाआधी साखर ठीक असेल आणि मागच्या डोसचा मोठा भाग शिल्लक नसेल, तर तिने तोंड मिटल्याच्या पाचव्या मिनिटाला काही आकाश कोसळत नाही. २०-२५ मिनिटं जेवण शांतपणे होऊ द्यायला आणि मग हिशोब करायला तुमच्या हातात वेळ असतो. हे गणित फक्त झटपट इन्सुलिनचं आहे. जुन्या पद्धतीचं रेग्युलर किंवा मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या मुलांचं वेळापत्रक वेगळं असतं. त्यांना ठरलेल्या वेळी ठरलेलं खाणं लागतंच.

जेवणाआधी साखर बघा, तीही ताटापासून दूर. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर जेवणाची वाट न पाहता आधी कमी साखरेचा उपचार करा, साखर वर आल्यावर जेवण द्या आणि त्या जेवणाचं इन्सुलिन कधी द्यायचं हे डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे करा. ७० ते १०० च्या मध्ये असेल किंवा सेन्सरचा बाण खाली असेल, म्हणजे साखर घसरत असेल, तर अनेक डॉक्टर इन्सुलिन जेवणाच्या १०-१५ मिनिटं आधी न देता ताट समोर आल्यावर द्यायला सांगतात. तुमचा आकडा कोणता, ते विचारून ठेवा.

दुसरा प्रश्न: आधी नेमकं किती इन्सुलिन द्यायचं? बहुतेक घरांत घोळ इथेच होतो. समजा तिच्या जेवणात ३० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, ज्यांची रक्तात साखर होते) आहेत आणि तिचं प्रमाण ३० ग्रॅमला १ युनिट आहे. तुम्ही पूर्ण १ युनिट आधीच देता, म्हणजे ३० ग्रॅम खाण्याची जबाबदारी तिच्या नावावर टाकून मोकळे होता. ती १२ ग्रॅम खाऊन थांबली की १८ ग्रॅम भरून काढायची धावपळ सुरू होते. त्याऐवजी ती हमखास किती खाते तेवढ्याचंच इन्सुलिन आधी देता येतं. रोजच्या नोंदीत दिसलं की कितीही वाईट दिवस असला तरी ती १५ ग्रॅम खातेच, तर अर्ध्या युनिटच्या पेनने आधी ०.५ युनिट. बाकीचं तिने खाल्लं तरच उरलेला अर्धा युनिट, जेवण सुरू झाल्यापासून साधारण २०-३० मिनिटांत. सगळंच इन्सुलिन जेवणानंतर देणं सोपं वाटतं, पण अन्नातली साखर रक्तात आधी पोचते आणि इन्सुलिन तिच्या मागून जातं, म्हणून जेवणानंतरचा आकडा रोज उंच चढतो. शक्य असेल तिथे निदान काही भाग आधी द्यावा.

यात एक अडचण आहे आणि ती लहान नाही. डोस विभागला की चांगलं जेवल्यावर दुसरी सुई टोचली जाते. काही मुलं चटकन शिकतात की जास्त खाल्लं की सुई मिळते. तुमची मुलगी सुईला फार घाबरत असेल तर या मार्गाने उलटाच परिणाम होईल. तिथे दोन पर्याय असतात. इन्सुलिनचा पंप असेल तर दुसरा डोस बटण दाबून जातो. पंप नसेल तर त्वचेवर लावायचा इंजेक्शन पोर्ट असतो. तो तीन दिवसांपर्यंत राहतो आणि त्या काळात इन्सुलिन त्यातूनच देतात, दर वेळी कातडीला टोचावं लागत नाही. हेही जमत नसेल तर डोस एकदाच द्या, पण हमखास खाल्ल्या जाणाऱ्या मापाचाच, आणि त्यापुढे खाल्लेल्या थोड्या कार्बमुळे साखर किती वाढलेली चालेल ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आता जेवण संपलं आणि इन्सुलिन झेपेल इतकं तिने खाल्लेलं नाही, असं धरा. आजवर इथे चॉकलेट यायचं. यापुढे इथे एक ठरलेली, साधी, तिला चालणारी पण फारशी आवडीची नसलेली गोष्ट येईल. दूध बऱ्याच घरांत जमतं: १०० मिलिलिटरमध्ये साधारण ५ ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये १०. अर्धं मध्यम केळंही चालतं, त्यात १२ ग्रॅमच्या आसपास असतात. ही भरपाई ताट उचलल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, दुसऱ्या जागी बसून, एकाच मोठ्या माणसाने द्यायची. ‘जेवली नाहीस म्हणून’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. रोज तीच गोष्ट द्यायची. आज दूध, उद्या बिस्किट, परवा आइस्क्रीम असं झालं की ती पुढच्या यादीची वाट बघत बसेल. जेवणाआधी साखर बरीच वर असेल, समजा २०० च्या पुढे, तर पूर्ण भरपाईची गरज कदाचित नसेलही. कोणत्या आकड्याला किती ग्रॅम, याचा चार ओळींचा तक्ता डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि स्वयंपाकघरात चिकटवा.

भरपाईही तिने नाकारली तर पुन्हा विनवणी सुरू करू नका. दर १५ मिनिटांनी आकडा आणि बाण बघा. साखर ७० च्या खाली गेली, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेपर्यंत येऊन अजून घसरत असली, तर तो प्रश्न जेवणाचा राहिला नाही. तिथे औषध म्हणून साखर द्यायची. लहान मुलांसाठी मोजमाप वजनाच्या प्रत्येक किलोला ०.३ ग्रॅम ग्लुकोजचं असतं. १६ किलोला साधारण ५ ग्रॅम. फळाच्या रसात १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर धरली तर ५० मिलिलिटर रस. बाटलीवरचा आकडा मात्र वाचून घ्या. साधी साखर असेल तर एक सपाट छोटा चमचा म्हणजे ४ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट या कामाला वाईट, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. रस घरात फक्त या कामासाठी ठेवा, औषधाच्या मापात द्या, आणि ज्या सुरात तापाचं औषध देता त्याच सुरात द्या. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डॉक्टरांनी दिलेलं ग्लुकॅगॉन (साखर पटकन वर आणणारं औषध) वापरायचं आणि तातडीची मदत बोलवायची. ग्लुकॅगॉन कुठे आहे आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावं, आजींनाही.

चिडचिड हट्टाची की साखरेची, हा प्रश्न तुम्हाला रोज पडत असेल. चेहरा बघून अंदाज करत बसू नका, आकडा बघा. साखर वेगाने बदलत असते तेव्हा सेन्सर काही मिनिटं मागे असतो, म्हणून घाम, थरथर, फिकटपणा किंवा एकदम मलूलपणा दिसला आणि सेन्सर ठीक सांगत असला तरी बोटातून तपासा. आणि बोट आधी पाण्याने धुवा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर आकडा खोटा वर दिसतो, आणि अशा वेळी खोटा वरचा आकडा फार महागात पडू शकतो.

एवढं ठरलं की मग जेवणाकडे वळता येईल. पण त्याआधी सात दिवस काहीही न बदलता फक्त लिहा. जेवण कधी सुरू झालं, कधी संपलं, ताटात किती कार्ब होते, किती पोटात गेले, आधीची साखर, दोन तासांनंतरची साखर. किती खाल्लं हे नजरेने ठरवू नका. ताट आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, फरक आपोआप कळतो. शेवटी आणखी एक रकाना: तिने नाही म्हटल्यावर आपण काय केलं. बहुतेक आईवडील हा रकाना गाळतात, आणि आठवड्याच्या शेवटी उपयोगी पडतो तो नेमका हाच. ‘रस दिला’, ‘मोबाइल लावला’, ‘भरवलं’ हे शब्द कुठल्या जेवणाला किती वेळा येतात ते दिसलं की सुरुवात कुठून करायची तेही दिसतं.

सुरुवात एकाच खाण्यापासून करा. रात्रीच्या जेवणापासून नको, कारण त्यानंतर झोप असते आणि झोपेतली साखर तुम्हाला आणखी घाबरवेल. दुपारनंतरचं छोटं खाणं किंवा सकाळचा नाश्ता घ्या, जेव्हा एक मोठं माणूस घरी मोकळं असेल आणि पुढचे तीन तास मूल जागं असेल. एका खाण्याची घडी आठवडाभर बसली की पुढचं. रात्रीचं जेवण सर्वांत शेवटी. या काळात बाकीची जेवणं जुन्याच पद्धतीने चालली तरी चालतील. सगळीकडे एकदम लढायला निघालेली घरं चौथ्या दिवशी थकतात.

दोन खाण्यांच्या मध्ये अडीच ते तीन तास ठेवा आणि त्या वेळात फक्त पाणी. येता-जाता दुधाचे घोट आणि बिस्किटाचे तुकडे पोटात गेले तर जेवणाला भूक राहत नाही, आणि मधुमेहात तर साखरेचा हिशोबही लागत नाही. जेवणाच्या अगदी आधी पेलाभर पाणी पिऊ देऊ नका. एवढ्याशा पोटात त्यानेच जागा भरते. वाढायचं प्रमाणही बघा. वयाच्या प्रत्येक वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, हे जुनं माप अजून उपयोगी आहे. तिला प्रत्येक पदार्थ चार-साडेचार चमचे पुरे, हवं तर पुन्हा वाढा. भरलेलं ताट बघूनच पुष्कळ मुलं हार मानतात. ताटात एक गोष्ट अशी असू द्या की जी ती नेहमी खाते, आणि शक्यतो कार्ब तिच्यातच असू देत, म्हणजे इन्सुलिनचा भाग पहिल्या दहा मिनिटांत सुटतो. नवीन पदार्थ वाटाण्याएवढा, बाजूला. तो दहा-पंधरा वेळा समोर आल्याशिवाय मूल त्याला हात लावेल अशी अपेक्षा करू नका, आणि त्या पदार्थाचे कार्ब इन्सुलिनच्या हिशोबात धरू नका.

बसण्याची जागा ही क्षुल्लक बाब वाटते, पण पाय लोंबकळत असलेलं मूल सतत चुळबुळ करतं. पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, ताट कोपराच्या उंचीवर येऊ द्या. इन्सुलिन टोचणं आणि बोटातून तपासणं जेवायच्या जागी कधीच करू नका. सेन्सरचा आकडा ताटावर मोठ्याने वाचू नका.

जेवण २५ मिनिटांचं, छोटं खाणं १५ मिनिटांचं. मूल जे काही खाणार असतं ते बहुतेक पहिल्या वीस मिनिटांतच खातं. त्यानंतरचा तास फक्त भांडणाचा असतो. वाळूचं घड्याळ किंवा रंगाचा काटा असलेलं टायमर तिला दिसेल असं ठेवा. २० मिनिटं झाली की एकदाच सांगा, ‘पाच मिनिटं राहिली.’ वेळ संपली की ताट उचला. टोमणा नाही, उसासा नाही, ‘बघ, पुन्हा नाही खाल्लंस’ नाही. पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं आहे.

या २५ मिनिटांत तुमचं लक्ष हे तिचं सर्वांत मोठं बक्षीस असतं, ते योग्य जागी खर्च करा. तिने स्वतः घास उचलला, चावला, गिळला, नव्या पदार्थाचा वास घेतला, की त्या क्षणी तिच्याकडे बघून नेमकं सांगा: ‘चमचा स्वतः भरलास, छान.’ नुसतं ‘शहाणी मुलगी’ म्हटलं तर तिला कळत नाही की नेमकं काय आवडलं. तोंड फिरवलं, कुरकुर केली, ताट ढकललं, तर मान थोडी दुसरीकडे वळवा आणि शेजारच्याशी बोलणं चालू ठेवा. पुढचा घास घेतला की लगेच परत तिच्याकडे. दुर्लक्ष वागण्याकडे करायचं. मुलीवर नजर असतेच. ठसका, घास अडकणं, साखरेची लक्षणं यांकडे कधीच दुर्लक्ष नाही. अन्न फेकलं तर ताट एक मिनिट दूर ठेवा. पुन्हा फेकलं तर ते जेवण संपलं.

सांगण्याची भाषाही बदलावी लागेल. ‘खातेस का गं आता?’ असं विचारलं तर ‘नाही’ हे त्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. त्यापेक्षा ‘आधी अंडं की आधी भात?’ असं विचारा. सूचना द्यायचीच असेल तर छोटी आणि एकदाच: ‘पुढचा घास चमच्यात घे.’ मग मनात दहा आकडे मोजा. त्या वेळात दुसरी सूचना नाही. आणि तीन वाक्यं घरातून कायमची हद्दपार करा: ‘खाल्लं नाहीस तर सुई टोचीन’, ‘साखर पडली तर दवाखान्यात न्यावं लागेल’, ‘इन्सुलिन वाया गेलं’. पहिल्या वाक्याने औषधाची शिक्षा होते, दुसऱ्याने घासाची भीती बसते, तिसऱ्याने चूक तिच्या माथी येते. मधुमेह असलेल्या मुलामुलींमध्ये मोठेपणी खाण्याशी वाकडं होण्याचा धोका मुळात जास्त असतो. म्हणून ‘चांगलं खाणं’, ‘वाईट खाणं’ असली लेबलं आणि खाऊची लाच, दोन्ही आत्ताच टाळलेली बरी. बक्षीस द्यायचं तर स्टिकर, दहा मिनिटांचा आवडता खेळ, आणि तेही टायमर वाजेपर्यंत बसल्याबद्दल किंवा चव घेतल्याबद्दल. किती खाल्लं यावर बक्षीस ठेवू नका.

मोबाइलबद्दल थोडक्यात: पडद्याकडे बघत उघडलेल्या तोंडात घास जातो, पण पोट भरल्याचं मुलाला कळत नाही आणि खायला ते शिकत नाही. ज्या खाण्यापासून सुरुवात कराल तिथे तो पहिल्या दिवसापासून बंद ठेवा, मोठ्यांचाही.

पहिले काही दिवस वागणं बिघडेल. आधी ज्या रडण्याने रस मिळायचा, ते रडणं ती आता दुप्पट जोराने करून बघेल. याचा अर्थ उपाय फसला असा नाही; जुनी किल्ली लागत नाही म्हणून ती जोर लावून फिरवते आहे. इथेच बहुतेक घरं माघार घेतात, आणि नेमकी या वेळी घेतलेली माघार सर्वांत जास्त नुकसान करते, कारण मग तिला कळतं की जास्त वेळ रडावं लागतं एवढंच. म्हणून प्रवास, लग्नकार्य, शाळेचा पहिला आठवडा, पाहुणे असं काही नसलेला पंधरवडा निवडा. त्या काळात तुमच्या मनाला आधार हवा, तो आकड्यांचा: तपासण्या वाढवा, तक्ता हाताशी ठेवा.

ताप, उलटी, जुलाब असतील त्या दिवशी हे सगळे नियम रद्द. आजारपणाच्या दिवसांची वेगळी लेखी योजना डॉक्टरांकडून घ्या. त्या दिवशी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायचे, घोटाघोटाने पाणी आणि जमेल ते खाणं द्यायचं, आणि खात नाही म्हणून दीर्घकाळचं इन्सुलिन परस्पर बंद करायचं नाही. बरं वाटल्यावर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टायमर.

आजींचं म्हणणं तोडून टाकू नका. आजारी लेकराला प्रेम जास्त लागतं हे त्या बरोबरच सांगतात. पण तुम्ही दोघं टायमर पाळणार आणि अर्ध्या तासाने त्या हळूच बिस्किट देणार, असं आठवड्यातून दोनदा जरी झालं, तरी मुलगी रोज त्या दोन दिवसांची वाट बघेल. कधीतरीच मिळणाऱ्या गोष्टीसाठी मूल सर्वांत जास्त चिवटपणे हट्ट करतं. त्यांना बाजूला न ठेवता काम द्या: तिच्या शेजारी बसून स्वतः जेवायचं, जेवणाखेरीज कशावरही गप्पा मारायच्या, स्टिकर त्यांनीच द्यायचा. भरपाईचं दूध कोण देणार हेही आधी ठरवा. तुमचं आणि पत्नीचं वाजतं, त्याचं मूळही बहुतेक हेच असणार की तो निर्णय दोघांपैकी कुणाचा हे रोज नव्याने ठरतं. आजचं जेवण ज्याच्याकडे, निर्णय त्याचा. मतभेद असतील तर ते मूल झोपल्यावर.

दुसऱ्या दीर्घ आजारांच्या मुलांचे पालकही हे वाचत असतील, म्हणून एक सूचना. वागण्याचा भाग, म्हणजे टायमर, लक्ष, छोटी सूचना, एका खाण्यापासून सुरुवात, हा सगळीकडे सारखाच. आहाराचा भाग मात्र आजारागणिक बदलतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मुलाला इतरांपेक्षा जास्त ऊर्जा लागते, तेव्हा ‘किती खायचं ते त्याचं तो ठरवेल’ एवढ्यावर सोडता येत नाही. तिथे ताट मोठं न करता त्याच घासात चरबी आणि उष्मांक वाढवतात, आणि अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूलमधले दाणे चावू न देता आंबटसर फळाच्या गरातून गिळायला देतात, दुधातून नाही. मूत्रपिंडाच्या आजारात तोंडाची चव जाते आणि मळमळ असते. तिथे खाण्यातली नावड हा हट्ट समजला तर अन्याय होईल.

तुमच्या मुलीच्या बाबतीतही काही गोष्टी दिसल्या तर हे वागण्याचे उपाय बाजूला ठेवून आधी तपासणी करा. वजन घटणं किंवा वाढ थांबणं, पोट सतत फुगणं, जुलाब, कारण न सापडणारी वारंवार कमी साखर: टाइप १ मधुमेहात सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा) इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो आणि तो रक्ताच्या तपासणीत शोधता येतो, शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा, थायरॉइडचीही. बद्धकोष्ठ असेल तर भूक मरतेच, आणि ते बरं करणं सोपं आहे. गिळताना दुखणं, खाताना दर वेळी ठसका, ठरावीक पोताचं अन्न पूर्ण नाकारणं, किडलेले दात, हे सगळं वेगळ्या तज्ज्ञाचं काम आहे. आणि पोटदुखी, उलट्या, जोराचा श्वास यांबरोबर कीटोन वाढलेले असतील तर जेवणाचा विचार सोडा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

पुढच्या भेटीला सात दिवसांची वही घेऊन जा आणि एवढं लिहून आणा: जेवणाआधी हमखास मापाचं इन्सुलिन किती, दुसरा भाग द्यायचा का, आणि कोणत्या वेळेपर्यंत, जेवणाआधीच्या कोणत्या आकड्याला भरपाईचे किती ग्रॅम, झोपताना साखर कितीच्या खाली असेल तर खायला द्यायचं आणि काय. यातलं शेवटचं, झोपतानाच्या साखरेचं उत्तर हातात येईपर्यंत रात्रीच्या जेवणाची पद्धत बदलू नका. वर्गात किंवा पाळणाघरात ती जेवत असेल तर त्याच तक्त्याची एक प्रत तिथे द्या, आणि तिथल्या बाईंना जेवण संपल्यावर फक्त उरलेलं वजन लिहायला सांगा. आग्रह करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका.